ताई, ही वाट सपाट आहे

सनीव्हेल, कॅलिफोर्निया

ती. ताई,


फोनवर तुझ्या इथे येण्याचा विषय काढला की तू लगेच ‘बरं, आज भाजी काय केलीस?’ म्हणून मोकळी होतेस. म्हणून पत्र लिहिते आहे, आणि तेही चारचौघांत छापून येईल असं, म्हणजे शेजारच्या काकू तरी तुला विचारतील. तुझा लेक तिकीट काढायला एका पायावर तयार आहे, सून रजा टाकायला तयार आहे, व्हिसा पासपोर्टात पडून आहे. अडलंय ते गुडघ्यांवर. ‘तिथे सगळे डोंगर चढायला जाणार आणि मी काय गाडीत बसून राहू?’ हे तुझं वाक्य आता मला पाठ झालंय.

साहजिक आहे. शाळेची पोरं घेऊन राजगड, रतनगड, साल्हेर करणाऱ्या बाईला कुणी ‘सोप्या वाटेने नेऊ हो तुम्हाला’ म्हटलं की तिला ते लागणारच. सोपी वाट म्हणजे बागेतला सिमेंटचा ट्रॅक आणि हास्यक्लब, असंच तुझ्या डोळ्यांपुढे येत असणार. तेव्हा आधी त्या वाटेचं सांगते, मग तुझ्या गुडघ्यांकडे वळते.

जागेचं नाव हेन्री कॉवेल रेडवूड्स स्टेट पार्क. सॅन होजेहून सांताक्रूझच्या समुद्राकडे जाणारा १७ नंबरचा रस्ता डोंगरातून जातो. वळणं आंबेनळी घाटाइतकी नाहीत, पण गाड्या सुसाट असतात, तेव्हा आवळासुपारी पर्समध्ये असू दे. स्कॉट्स व्हॅलीपाशी आत वळलं की फेल्टन नावाचं लहानसं गाव लागतं आणि गावाला चिकटूनच हे रान. गाडी लावायचे पैसे पडतात, माणशी तिकीट नाही. तिथून जी मोठ्या झाडांची फेरी निघते ती सव्वा किलोमीटरच्या आसपास. पायरी नाही, चढ नाही, टणक दाबलेली माती, मधूनमधून बाकं. व्हीलचेअर ढकलणारे, बाबागाडीवाले, काठीवाले, वॉकरवाले सगळे त्याच वाटेवर. कुत्रे आणि सायकली मात्र नाहीत, त्यामुळे मागून कुणी येऊन आदळेल ही धास्ती नाही.

आता मुद्द्याचं. तुला वाटेल, ही वाट म्हाताऱ्यांची सोय म्हणून आखली आणि खरं जंगल वर कुठेतरी डोंगरात ठेवलं. अगदी उलट आहे. रेडवूड हे झाड नदीकाठच्या सपाटीवर सर्वांत उंच होतं. पुराबरोबर आलेला गाळ थरावर थर बसतो, जमीन खोल आणि ओली राहते, वाऱ्याला डोंगर अडवतो. इथे सॅन लोरेंझो नावाची नदी वाटेच्या बाजूनेच वाहते आणि तिनेच ही सपाटी करून ठेवली आहे. याच पार्कात चढ चढून वर गेलीस तर काय मिळतं? प्राचीन समुद्रतळाची भुसभुशीत वाळू, उन्हात तापलेली झुडपं आणि विरळ पाँडेरोसा पाइन. तेही बघण्यासारखं आहे, नाही असं नाही. पण मोठी झाडं खाली आहेत. म्हणजे सपाटी झाडांनी आधी निवडली, वाट नंतर आली. गडावर चढल्याशिवाय बालेकिल्ला नाही हा आपला सह्याद्रीतला हिशेब इथे लागू पडत नाही.

दुसरं कारणही ऐकण्यासारखं आहे. एवढं अजस्र झाड, पण त्याला सोटमूळ नाही. मुळं जेमतेम दहाबारा फूट खोल जातात, पसरतात मात्र चहूकडे शंभर-शंभर फुटांपर्यंत, आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. वरची माती पावलांनी दबली की ती घुसमटतात. म्हणून वाटेच्या कडेला लाकडी कुंपण आहे आणि ते सर्वांना सारखंच. मॅरेथॉन पळणाऱ्यालाही ते ओलांडून आत जायची मुभा नाही. उत्तरेला रेडवूड नॅशनल पार्कात हायपेरियन नावाचं जगातलं सर्वांत उंच झाड आहे, ११५ मीटरच्या वर. २००६ साली ते सापडलं, त्याची जागा गुपित ठेवली होती, तरी लोक झुडपं तुडवत पोचलेच. बुंध्याभोवतीचे नेचे नाहीसे झाले. शेवटी २०२२ मध्ये तो भाग बंद करून दंड आणि तुरुंगवास लावावा लागला. इथल्या पार्ट्यांमध्ये ‘या वीकेंडला किती माइल केलेत?’ असं छाती काढून विचारणारे भेटतात ना, त्यांना मी हे झाड आवर्जून सांगते.

फेल्टनचं सर्वांत उंच झाड २७७ फूट आहे. पंचवीस मजली इमारत धर. जमिनीजवळ खोड सोळा फूट रुंद. वयाने दीड हजार वर्षांच्या घरात असलेली झाडं या फेरीत आहेत, म्हणजे वेरूळचं कैलास कोरायला घेतलं तेव्हा ती चांगली वाढलेली होती. पण आकड्यांनी काही होत नाही गं. पहिल्यांदा मान वर केली की नजर जिथे थांबेल असं वाटतं तिथे फक्त पहिली फांदी असते. तुझी मान धरेल, म्हणून एक युक्ती सांगते. व्हीलचेअर घ्यायची, तीही टेकायला. कुणीतरी चाकं अडवून ती अलगद मागे कलती करायची आणि तू आरामात शेंड्याकडे बघायचं. सोबत आलेल्या विहीणबाईंना आम्ही असंच दाखवलं. धडधाकट माणसं तिथे मानेला हात लावून ‘आई गं’ करत उभी असतात. विहीणबाई तेवढ्या निवांत.

साल तांबूस, उभ्या चिरांची, हाताला नारळाच्या सोडणासारखी लागते. जुन्या झाडाची साल फूटभर जाड असते, तिच्यात टॅनिन भरपूर, राळ जवळपास नाही. म्हणून वणवा आला तरी आत सहसा पोचत नाही आणि कीडही फारशी लागत नाही. किडे कमी म्हणून पक्षी कमी, आणि म्हणून ही शांतता. मधूनच निळा-काळा स्टेलर्स जे पक्षी कर्कश ओरडतो, आणि शेजारच्या रोअरिंग कॅम्पमधून वाफेच्या छोट्या इंजिनाची शिट्टी येते. अगदी माथेरानच्या गाडीसारखी अरुंद रुळांची गाडी आहे ती. आवडत असेल तर तीही करू, पण आधी झाडं.

जुन्या बुंध्यांवर काळे, कोळसा झालेले खोलगट भाग दिसतील. ते जुन्या वणव्यांचे. अशाच एका पोकळ झाडाला फ्रीमाँटचं झाड म्हणतात. १८४६ साली जॉन फ्रीमाँट नावाचा फौजी भटक्या या पोकळीत मुक्कामाला राहिला होता म्हणे. पुढे म्हातारपणी त्यालाच विचारलं, तर गोष्ट चांगली आहे, राहू द्या तशीच, असं तो म्हणाला असं सांगतात. मला तो माणूस तेवढ्यापुरता आवडला. आत शिरायला वाकावं लागतं, तुला जमणार नाही. पोरं घुसतात आणि अंधारात किंचाळतात. बाहेरून त्यांचा आवाज ऐकण्यात जास्त गंमत आहे.

झाडांना माणसांची नावं द्यायचा इथे मोठाच सोस होता. सेनापती, राष्ट्राध्यक्ष, कुणी ना कुणी. १९०३ मध्ये थिओडोर रूझवेल्ट इथे आले, तेव्हा झाडांवर टाचलेली नावांची कार्डं बघून वैतागले आणि ती काढून टाकायला सांगितली. देवराईतल्या झाडाला आमदाराचं नाव दिलं तर तू काय म्हणशील, तेच ते म्हणाले असावेत, फक्त इंग्रजीत.

या झाडांवर कुऱ्हाड कशी पडली नाही, ती गोष्ट तर तुझ्या वर्गात सांगण्यासारखी आहे. मूळचे इथले सायांते लोक. नंतर युरोपीय वस्ती आली आणि डोंगर भराभर उघडे झाले. विहीणबाईंनी वाटेत एक रास्त प्रश्न टाकला, ‘यांच्याकडे एवढं लाकूड, मग लाकूड गेलं कुठे?’ सॅन फ्रान्सिस्को शहरात गेलं. घरं, कुंपणं, रेल्वेचे स्लीपर. १९०६ च्या भूकंपानंतर शहर पुन्हा उभं करायला आणखी गेलं. किनाऱ्यावरच्या जुन्या रेडवूड रानांपैकी आज शंभरातले पाच भाग जेमतेम उरले आहेत. आणि ज्या हेन्री कॉवेलच्या नावाने आपण हा पार्क ओळखतो त्याचा धंदा चुन्याचा. चुनखडी भाजायच्या भट्ट्यांना सरपण कसलं? याच रेडवूडचं. पार्कच्या फॉल क्रीक भागात त्या भट्ट्या अजून उभ्या आहेत. पुढे त्याच्या मुलाने, सॅम्युएलने, वडिलांच्या नावाने जमीन दिली आणि १९५४ मध्ये हा स्टेट पार्क झाला. ज्याच्या भट्टीत रान गेलं त्याचं नाव रानाला, असं आपल्याकडेही कमी नाही.

पण आपल्या फेरीतली झाडं त्याची नव्हतीच. जोसेफ वेल्च नावाच्या माणसाने १८६७ मध्येच हा तुकडा विकत घेतला आणि झाडं तोडण्याऐवजी पाहुण्यांसाठी रिसॉर्ट काढलं. रेल्वे दाराशी आली, तिकीट लावलं. धंदाच तो, पण झाडं राहिली. आता पुढची गंमत बघ. १८९९ मध्ये सांताक्रूझच्या डोंगरात मोठा वणवा लागला, पाणी पुरेना, तर तिथल्या दारूच्या कोठारातली वाइन ओतून आग विझवली. ती हकिगत लंडनच्या एका मासिकाला छापायची होती आणि सोबत मोठ्या झाडांचे फोटो हवे होते. सॅन होजेचा चित्रकार-छायाचित्रकार अँड्र्यू हिल कॅमेरा घेऊन इथे आला. मालक भडकला, ‘माझ्या झाडांचे फोटो काढायचे नाहीत, निगेटिव्हच्या काचा दे इकडे.’ हिलने काचा दिल्या नाहीत. तो तिथून तडक निघाला तो एकच गोष्ट डोक्यात घेऊन, की ही झाडं कुणाच्याही मालकीची नकोत, सगळ्यांची हवीत.

तो एकटा नव्हता. त्या वर्षीच्या वणव्यात घर गमावलेल्या जोसेफिन मॅक्रॅकिन या लेखिकेने १९०० च्या मार्चमध्ये सांताक्रूझच्या वर्तमानपत्रात झाडं वाचवा म्हणून लिहिलं. स्वतःचं घर आगीत गेलेलं, आणि बाई लिहितात झाडांबद्दल! मे महिन्यात सेम्परव्हायरेन्स क्लब स्थापन झाला. दोन वर्षांत सरकारने पलीकडच्या खोऱ्यातलं बिग बेसिनचं रान विकत घेतलं, आणि कॅलिफोर्नियाचा सर्वांत जुना स्टेट पार्क तो. फेल्टनची झाडं सार्वजनिक व्हायला मात्र १९३० उजाडावं लागलं. म्हणजे ज्या झाडांवरून भांडण पेटलं त्यांच्या वाट्याला सुटका सर्वांत शेवटी आली.

बिग बेसिनचं पुढे काय झालं ते तू टीव्हीवर पाहिलं असशील. २०२० च्या ऑगस्टमध्ये विजा पडून पेटलेल्या वणव्यात तो जवळपास सगळा जळाला. आकाश नारिंगी होतं तेव्हा मला केलेले तुझे घाबरे फोन आठवतात. महिन्या-दोन महिन्यांत काळ्याठिक्कर खोडांना खालपासून वरपर्यंत हिरवी लव फुटली. सालीखाली शेकडो वर्षं झोपलेले कोंब असतात, ते जागे झाले. त्यांना अन्न कुठून आलं, याचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडाने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी तयार करून ठेवलेली साखर त्या फुटव्यांत सापडली. फेल्टनमध्येही तू बघशील, एखादं मोठं झाड गेलं की त्याच्या बुंध्याभोवती पिल्लांचं रिंगण उभं असतं. मधली जागा रिकामी, भोवती गोलाकार दहाबारा उंच झाडं, मुळांनी एकच.

पांढरी झाडंही आहेत इथे. हरितद्रव्य मुळीच नसलेली, मेणासारखी पांढरी पानं, शेजारच्या हिरव्या झाडाच्या मुळांवर जगणारी. उंच होत नाहीत, झुडपासारखीच राहतात. नेमकी कुठे ते मुद्दाम लिहीत नाही.

आता तुझं भिंग. ते आण, विसरू नकोस. जमिनीलगत हिरवागार गालिचा दिसेल, तीन-तीन हृदयाकृती पानांचा. बघताक्षणी तू म्हणशील, ‘अगं, ही तर आंबुशी!’ आपल्या कुंडीत तण म्हणून उपटतो तिचीच ही मोठी बहीण, त्याच ऑक्झॅलिस कुळातली. मोठ्या झाडांच्या सावलीत ती अगदी थोड्या उजेडावर भागवते. पण फांद्यांतून उन्हाचा कवडसा थेट तिच्यावर पडला तर बिचारीला सोसत नाही. मी बाकावर बसून बघितलंय. कवडसा सरकत एका पानावर आला. आधी काहीच नाही. मग तिन्ही दलं मधल्या शिरेवर हलकेच मुडपली, खाली झुकली आणि देठाला टेकली. शेजारचं पान, जे अजून सावलीत होतं, ते तसंच पसरलेलं. कवडसा पुढे सरकला तसं दुसरं मिटू लागलं, आणि पहिलं हळूहळू उघडलं. या सगळ्यात काही मिनिटं जातात. झपाझप चालणारे दोन गट मधल्या वेळात निघून गेले, त्यांना पत्ता नाही. ताई, हे बघायला बसावंच लागतं. बसणं तुला डॉक्टरांनीच सांगितलंय.

दुसरी भेट बनाना स्लगची. म्हणजे बिनशंखाची गोगलगाय, पिवळीधमक, वीतभर लांब. धुकं असेल त्या दिवशी वाट ओलांडताना दिसते. सांताक्रूझच्या विद्यापीठाने हिलाच आपलं बोधचिन्ह केलंय, वाघसिंह सोडून. लोक थांबून तिला जाऊ देतात.

वाटेवर तमालपत्राचा वास आला तर भास समजू नकोस. कॅलिफोर्निया बे नावाचं झाड आहे, त्याच घराण्यातलं, वास मात्र दुप्पट उग्र. आणि तीन पानांचं चकचकीत झुडूप दिसलं तर हात लांब ठेव. पॉयझन ओक म्हणतात त्याला. आंबा-काजू-बिब्ब्याच्या कुळातलं आहे आणि अंगावर बिब्बा उततो तसंच उततं. लहानपणी कोकणात तुझा हात कोपरापर्यंत सुजला होता ते मी सांगायला नको. वाट सोडली नाही तर त्याची गाठ पडत नाही.

धुक्याचंही सांगते, कारण कपडे त्यावर ठरतील. इथला उन्हाळा कोरडा ठणठणीत, मे ते सप्टेंबर थेंब नाही. तरी हे झाड तगतं ते समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर. शेंड्यांच्या बारीक पानांत धुकं अडकतं, थेंब होऊन खाली टपटपतं, मुळांना मिळतं. काही पाणी पानं थेट पिऊनही घेतात. म्हणून जूनमध्ये पाऊस नसतानाही या झाडांखाली सकाळी टपटप ऐकू येते. बाहेर गावात ऊन, आत गारवा. शाल लागेल, स्वेटरही लागेल. नऊवारी नेसून आलीस तरी माझी हरकत नाही, पायात मात्र बूट.

आता व्यवहाराचं. एप्रिलमध्ये ये. पाऊस ओसरलेला असतो, आंबुशीला गुलाबी-पांढरी फुलं असतात, नदीला पाणी असतं. शनिवार-रविवार नकोच, मुलं ऑफिसला गेली की आपण मधल्या वारी जाऊ. गाडी माझी लेक चालवेल, तिला सांगून ठेवलंय. विमानात व्हीलचेअर मागायला लाजू नकोस, तिकीट काढतानाच सांगायचं असतं, ते लेकाला आठवण कर. इथे रानात न्यायला हलकी घडीची खुर्ची शेजाऱ्यांकडून मिळेल. विमा मुंबईहूनच काढून ये, जुनी दुखणी त्यात धरतात का ते नीट वाचून, कारण इथला डॉक्टर परवडत नाही.

डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी घेऊ. पार्किंगजवळ बसायला मेजं आहेत, आतमध्ये खात हिंडायचं नाही, कारण ते निळे पक्षी हातातलं पळवतात आणि सांडलेल्या तुकड्यांना सवकतात. तू शिस्तीची, तुला सांगायला नकोच. विहीणबाईंना सांगावं लागेल.

तुझ्या फिजिओथेरपीचा कोर्स मार्चअखेर संपतो असं सून म्हणाली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली तिकिटं अजून बरी मिळताहेत. रविवारी सकाळी, तुमच्या, फोन करते. भाजीचा विषय काढलास तर फोन तुझ्या लेकाकडे द्यायला सांगेन.

तुझी,
धाकटी